सुरू झाल्याची तारीख

आमच्या फर्मनं सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं तेव्हा ते काम माझ्या गळ्यात पडलं. ऑफिसात मी एकटीच अशी होते, की कॉम्प्युटर अडला तर कुणाला हाक न मारता आधी स्वतः बंद करून चालू करून बघायची. एवढ्याशा पात्रतेवर मला निवडलं, आणि मीही मूर्खासारखी हो म्हणाले. त्यानंतरचे काही महिने मी ज्या गोंधळात काढले तो अजून पुरता निस्तरलेला नाही. सॉफ्टवेअर आता झकास चालतं, कुणाची तक्रार नाही. पण एखादं काम सुरू होतं म्हणजे नेमकं कधी सुरू होतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात लोंबकळतोय आणि विचारायचं कुणाला तेही कळत नाही.

फर्म आमची सांगलीत, विश्रामबागेत. शेतावरची लोखंडी शेडं उभी करायची, हा धंदा. कवठे महांकाळकडं बेदाण्याची शेडं, म्हसवडच्या बाजूला डाळिंबाच्या पॅकिंगची, कुठं कांद्याची, कुठं शेळ्यांची. मालकांना सगळे काका म्हणायचे. जैन माणूस, सत्तरीचे, दिवस मावळायच्या आत जेवायला घरी जाणारे. त्यामुळं आमचं ऑफिसही वेळेवर सुटायचं, आणि त्याबद्दल मी त्यांच्या धर्माची कायमची आभारी आहे. त्यांचा पुतण्या पुण्यात नोकरी करून परत आला होता आणि हळूहळू कारभार त्याच्या हातात चालला होता. नवं सॉफ्टवेअर ही त्याचीच कल्पना.

जुनं सॉफ्टवेअर तसं साधं होतं. एका शेडचं एक पान. शेड कुणाचं, कुठल्या गावात, आमच्याकडून कोण बघतंय, सुरू कधी झालं, कुठवर आलं, संपलं कधी. भरायची मी, बघायचीही मीच. साइटवरची माणसं फोन करून सांगायची आणि मी लिहायची. नव्यात मात्र प्रत्येकानं आपल्या मोबाइलवरून स्वतः भरायचं होतं. शिवाय ज्याचं शेड त्यालाही मोबाइलवर एक लिंक जाणार, त्यावर टिचकी मारली की त्याच्या कामाची सगळी माहिती त्याला दिसणार. पुतण्याला याचं फार कौतुक. "मॅडम, क्लायंटला सगळं दिसलं पाहिजे. लपवाछपवी नको," असं तो दिवसातून एकदा तरी म्हणायचा. मला कळेना की आम्ही लपवत काय होतो.

जुन्यातलं नव्यात नेणं हे मला आधी घर बदलण्यासारखं वाटलं. खोकी भरायची, टेम्पोत टाकायची, तिकडं उतरवायची. प्रत्यक्षात तसं काही नव्हतं. जुन्यातली सगळी माहिती एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची, मग जुन्यातला कुठला रकाना नव्यातल्या कुठल्या रकान्यात जाणार ते एकेक करून सांगायचं, मग बटण दाबायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. पहिल्या वेळी दिवस आणि महिना यांची अदलाबदल झाली. कवठे महांकाळचं एक शेड सुरू व्हायच्या आधीच संपून बसलं. पुतण्या पोट धरून हसला, मी नाही हसले. सगळं पुसून पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी गावांची नावं प्रश्नचिन्हांची झाली. तिसऱ्या वेळी सगळं जागच्या जागी बसलं, आणि खरं घोडं तिथं पेंड खायला लागलं.

नव्या सॉफ्टवेअरला एक सवय होती. तुम्ही विचारा किंवा न विचारा, ते सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख घेऊन कामाला किती दिवस लागले ते आपणहून मोजायचं आणि त्याच्या रंगीत पट्ट्या काढून दाखवायचं. हिरवी म्हणजे वेळेत, लाल म्हणजे उशिरा. आमचे साइट बघणारे सुपरवायझर दोन. एक कवठे महांकाळची बाजू सांभाळायचे. दुसरे म्हसवडकडची. हे दुसरे मूळचे तिकडचेच, फौजेतून रिटायर होऊन आलेले, त्यामुळं त्यांना सगळे फौजी म्हणायचे. कवठे महांकाळच्या पट्ट्या आखूड आणि हिरव्यागार. फौजींच्या पट्ट्या स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, लालभडक.

हे एरवी मी हसण्यावारी नेलं असतं. पण पुतण्यानं आधीच सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं, की नवं सॉफ्टवेअर बसलं की दोन सुपरवायझर लागणार नाहीत. एकच माणूस दोन्हीकडचं बघेल, मोबाइलवर सगळं दिसतंच. कोण राहील ते आकडे ठरवतील, कुणाच्या तोंडाकडं बघून ठरणार नाही. बोलायला तो रोखठोक होता, वाईट नव्हता. आणि आकडे तर माझ्या समोर असे लालेलाल पडलेले.

मला फौजी आवडायचे असं नाही. उलट वैताग यायचा. मोबाइलवर लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून हे लांबलचक आवाजी मेसेज पाठवायचे, त्यात निम्मा वेळ वारा आणि ट्रॅक्टर. वीस वर्षं फौजेत काढल्यानं मध्येच हिंदीत शिरायचे. एखादं माप विचारलं तर आधी त्या शेतकऱ्याच्या घरी काय जेवलो ते सांगायचे. पण त्यांचं काम उशिराचं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. खांब साइटवर पोचले की शेड उभं राहायला त्यांना कवठे महांकाळवाल्यांपेक्षा एक दिवस जास्त लागायचा नाही. म्हणजे चूक माझीच असणार. कुठला तरी रकाना चुकीच्या जागी गेला असणार. मी जुनं उघडलं, नवं उघडलं, शेजारी शेजारी ठेवून ताडून बघितलं. तारखा बरोबर उतरल्या होत्या.

मग लक्षात आलं, फौजींची जवळजवळ सगळी कामं वर्षातल्या दोन-तीन दिवसांनाच सुरू झाली होती. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया. एका माणसानं एकाच दसऱ्याला म्हसवडपासून पार आटपाडीच्या शिवेपर्यंत एवढी कामं सुरू केली म्हणजे तो काय उडत फिरत होता? मी त्यांना फोन लावला.

"बरोबर हाय की ताई," ते म्हणाले. "मुहूर्ताची कामं हायती ती. सकाळी गाडीवर निघायचं, एकेकाच्या रानात नारळ वाढवायचा, टिकाव मारायचा, पेढा खायचा, फुडं निघायचं. संध्याकाळपातूर उरकतंय."

"आणि खरं काम कधी सुरू व्हायचं?"

"म्हंजे?" त्यांना खरोखरच प्रश्न कळला नव्हता.

मग मला एकेक उलगडत गेलं. म्हसवडकडची माणसं शेडाचा करार कधीही करोत, नारळ वाढवायला त्यांना मोठा मुहूर्तच लागायचा. फौजी त्या दिवशी जायचे, कोपऱ्यातला एक खड्डा खणायचे आणि मला फोन करून सांगायचे, "सुरू झालं, लिवा." मी लिहायची. त्यानंतर खांब आणि पत्रे जायला महिने लागायचे, कारण द्राक्षांचा हंगाम यायच्या आत बेदाण्याची शेडं उभी करावीच लागतात, म्हणून आमचा सगळा माल आधी कवठे महांकाळकडं जायचा. म्हसवडचा एक खड्डा तोवर तसाच पडून. हे ठरवायचे काका, मुहूर्त काढून द्यायचेही काकाच, त्यांच्या टेबलाच्या खणात पंचांग असायचं. दिवस मात्र मोजले जात होते फौजींच्या नावावर.

खरं सांगायचं तर मला यात हसू यायला हवं होतं, पण मला आमचंच घर आठवलं. आम्ही सांगलीत फ्लॅट घेतला तेव्हा साताऱ्याहून आईनं मुहूर्त काढून पाठवला. फ्लॅटला दारं नव्हती, नळाला पाणी नव्हतं. आम्ही जिन्यातली वाळू ओलांडत गेलो, गॅसची छोटी शेगडी ठेवली, दूध उतू घालवलं आणि भाड्याच्या घरी परत येऊन पिठलं-भात खाल्ला. राहायला गेलो ते पुढच्या वर्षी. आजही कुणी विचारलं की या घरात कधी आलात, तर मी दूध उतू गेलेल्या दिवसाचीच तारीख सांगते. माझा नवराही तीच सांगतो. त्या वेळी फरशीसुद्धा बसली नव्हती हे दोघांनाही माहीत आहे.

मी पुतण्याला सगळं समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मग सोपं आहे ना मॅडम. चलन बघून खरी तारीख घाला. माल साइटवर उतरला तो दिवस. फक्त ज्या सुपरवायझरचं काम त्यानं आपल्या मोबाइलवरून ती तारीख कबूल केली पाहिजे. नाहीतर उद्या कुणीही काहीही बदलेल." यात मला काहीच खोट दिसेना. माल पोचवल्याची चलनं माझ्याचकडं होती. मी खरी तारीख प्रत्येक कामापुढं भरली आणि करून बघितलं. फौजींच्या पट्ट्या झरझर आखूड झाल्या, हिरव्या झाल्या. मला इतका आनंद झाला की मी उठून स्वतःसाठी चहा सांगितला. आता त्यांनी मोबाइलवर नुसतं 'मान्य' दाबायचं होतं.

त्यांनी काही दाबलं नाही. मी मेसेज केला, फोन केला. "बघतो ताई," म्हणायचे आणि विषय डाळिंबावर न्यायचे. ताकास तूर लागू देईनात. आठवडा गेला. मला सुट्टीला जोडून साताऱ्याला माहेरी जायचं होतं. फर्मची गाडी माल घेऊन म्हसवडला निघाली होती. मी वाट वाकडी करून तिच्यात बसले. म्हटलं, माणसाच्या हातात मोबाइल देऊन, बोट धरून 'मान्य' दाबून घ्यायचं आणि तिथून साताऱ्याची एसटी पकडायची.

शेड म्हसवडच्या अलीकडं, रस्त्याला लागून. गेल्या दसऱ्याला नारळ वाढवलेलं. आत बायका डाळिंबं निवडत बसल्या होत्या आणि फौजी खाटेवर बसून शेडाच्या मालकाशी गप्पा ठोकत होते. मालक वयस्कर होते, डोक्याला टापशी गुंडाळलेली. मी सांगलीच्या ऑफिसातली म्हटल्यावर त्यांनी आधी पाणी दिलं, मग डाळिंब फोडून दिलं.

"शेड लागलं बघा आमाला," ते म्हणाले. "दसऱ्याला ह्यांनी टिकाव मारला, सिद्धनाथाचं नाव घेऊन. तवापासनं माल एकदाबी माघारी आला न्हाई. आमच्या पाव्हण्यांचं शेड करायचंय, ते बी ह्या दसऱ्याला ह्यांच्याच हातनं." आणि त्याच दमात पुढं म्हणाले, "खांब आलं संक्रांतीच्या तोंडावर. त्या थंडीत ही पोरं खांब उभं करत हुती, मी म्हनलं, च्या तरी प्या रं."

मी डाळिंबाचे दाणे हातात धरून त्यांच्याकडं बघत राहिले. या माणसाला सगळं माहीत होतं. दसऱ्याला फक्त खड्डा झाला आणि संक्रांतीच्या आसपास काम लागलं, हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आत्ता स्वतःच्या तोंडानं सांगितलंही होतं. मग खरी तारीख मान्य करायला फौजींना अडचण कसली होती?

ते बायकांकडं गेल्यावर मी फौजींना मोबाइल काढायला लावला. काय दाबायचं ते दाखवलं. ते म्हणाले, "आन् हे मालकाच्या मोबाइलवर दिसनार?"

"दिसेल. लिंक जाते ना त्यांना."

"काय दिसंल?"

मी वाचून दाखवलं. आपले काम अमुक तारखेला सुरू झाले.

"ही तारीख पौषातली हाय ताई."

मी चलनावरून तारखा भरल्या होत्या, त्या कुठल्या मराठी महिन्यात पडतात ते बघितलं नव्हतं. खरंच, संक्रांतीचं तोंड म्हणजे पौषच.

"पौषात कोन काम सुरू करतंय का?" ते म्हणाले. "घरात काय झालं, माल नासला, कोन आजारी पडलं, तर हे मोबाइल उघडनार. तिथं लिवलेलं असंल, पौषात सुरू केलं. मग?"

"अहो, पण त्यांनी बघितलंय. आत्ता तेच सांगत होते."

"बघितलं त्ये वेगळं. लिवलं त्ये वेगळं."

मी म्हणाले, मी एक जादा रकाना करते, त्यात मुहूर्ताची तारीख वेगळी लिहिते, ती पण त्यांना दिसेल. मी ते आधीच करून बघितलं होतं आणि मला स्वतःच्या हुशारीचा अभिमान होता. ते म्हणाले, "म्हंजे मुहूर्तावर काम सुरू झालं न्हाई, आसंच झालं की मंग. मुहूर्त येगळा, सुरू येगळं. मग नारळ वाढवला त्यो कशापायी?"

"फौजी, यात तुमची नोकरी जाईल," मी सरळच म्हणाले. मला राग आला होता. एवढी धडपड करून मी या माणसासाठी वाट वाकडी करून आले होते आणि हा मला पौष महिना शिकवत होता.

"ठावं हाय," ते म्हणाले. "फौजेत सगळा मुलूख फिरलो. आपल्या तालुक्यात काम मिळालं ते ह्येच. रिकामं बसवनार न्हाई मला, घरचीबी बसू द्यायची न्हाई. पर ह्या मानसांच्या रानात मी हातानं सुरू केलंय ताई. आता मीच म्हनू, केलं न्हवतं?"

मी एसटीत बसले ती डोक्याचा भुगा घेऊन. गोंदवल्याच्या पुढं कधी झोप लागली कळलं नाही. आईला घरी सगळं सांगितलं. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. तिनं भाजी चिरता चिरता ऐकलं आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. पौषात कसं सांगतील?" मग जरा वेळानं म्हणाली, "पण नोकरी जायला नको बाई." माझी आईसुद्धा दोन्हीकडून बोलली, म्हणजे मी एकटीच वेडी नव्हते.

परत आल्यावर पुतण्यानं मीटिंग घेतली. काका, तो, मी आणि फौजी. पुतण्यानं स्क्रीन फिरवून फौजींकडं केली. त्यानं एका बाजूला लाल पट्ट्या ठेवल्या होत्या, दुसऱ्या बाजूला हिरव्या. "हे बघा, मॅडमनी तुमचं खरं काम शोधून काढलंय," तो म्हणाला. "मलाही मान्य आहे. तुम्ही फक्त हो म्हणा. मोबाइलवर दाबू नका, तोंडानं म्हणा, मी इथून करतो. म्हसवडचं शेड कधी सुरू झालं?"

मी फौजींकडं बघितलं. मनातल्या मनात मी त्यांना म्हणत होते, म्हणा, फक्त एकदा म्हणा, इथं म्हसवडचं कुणी नाही.

"दसऱ्याला," फौजी म्हणाले.

"आणि माल आला तो दिवस?"

"माल आला तवा माल आला, मालक. सुरू दसऱ्यालाच केलंय."

पुतण्यानं माझ्याकडं बघितलं, जणू मी दुभाषी आहे. मी काय दुभाषेपण करणार? मला दोघांचंही बोलणं शब्दन् शब्द कळत होतं आणि दोघांचंही पटत होतं, हीच तर माझी अडचण होती. मी काकांकडं वळले. दसऱ्याची वेळ त्यांनीच काढून दिली होती. माल आधी कवठे महांकाळला न्यायचं त्यांनीच सांगितलं होतं. त्यांनी एक शब्द टाकला असता तर पुतण्या ऐकला असता. काका खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आता तो बघतोय की सगळं. मी मध्ये बोलून काय करू?" तेव्हा मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा त्या पुतण्याचा कधीच आला नाही.

निर्णय दोन दिवसांत झाला. दोन्हीकडचं काम कवठे महांकाळचे सुपरवायझर बघणार. फौजींच्या नावावरची चालू कामं मी नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्या सुपरवायझरांच्या नावावर करायची. मी कॉम्प्युटर उघडला तेवढ्यात काका माझ्या टेबलापाशी आले. "आत्ता नको की गं," म्हणाले, "पितृपंधरवडा लागलाय. घट बसू देत, मग करून सोड." माणसाला काढायलाही मुहूर्त बघणार होते. पण आतून मला बरंही वाटलं. पंधरवडाभर सॉफ्टवेअरमध्ये फौजींचं नाव तसंच राहिलं आणि ते रोज साइटवर जात राहिले, वारा आणि ट्रॅक्टरसकट मेसेज पाठवत राहिले. त्या पंधरा दिवसांतला एकही मेसेज मी मध्येच तोडला नाही.

घट बसले त्या दिवशी ते ऑफिसात आले. टेप, साइटच्या किल्ल्या, फर्मचं ओळखपत्र, सगळं टेबलावर ठेवलं. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मी म्हणाले, बसा, चहा सांगते. ते बसले आणि स्क्रीनकडं मान करून म्हणाले, "माझ्या जागी त्यांचं नाव टाकायचं ऱ्हायलंय न्हवं?"

"हो. आत्ताच करायचं होतं." माझं माऊसवर बोट होतं आणि ते मला दाबवत नव्हतं.

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, मग घड्याळाकडं. "आत्ता नगा करू. राहुकाळ चाललाय."

मला वाटलं ते थट्टा करतायत. पण ते गंभीर होते. "त्यांच्या हातात कामं जायाची हायती ताई. लोकांची शेडं हायती. वाईट वेळंला गेली तर त्यांचंबी वंगाळ, लोकांचंबी वंगाळ. थांबा जरा."

आम्ही थांबलो. चहा आला, प्यायला. त्यांनी मला कुठल्या साइटवर कुठला रस्ता पावसात बंद होतो ते सांगितलं, नव्या माणसाला सांगायला म्हणून. कुणाच्या घरचं कुत्रं चावरं आहे तेही सांगितलं. मी कागदावर लिहून घेत होते. गेले कित्येक महिने मी या मुहूर्तांच्या नावानं बोटं मोडत होते. आता तोच माणूस, ज्याची नोकरी त्या मुहूर्तांपायी चालली होती, दुसऱ्याच्या भल्यासाठी मला वेळ पाळायला लावत होता, आणि मी शहाण्यासारखी पाळत होते. हे धड शहाणपण होतं की वेडेपणा, मला आजही सांगता येणार नाही. मला रडू येत होतं, एवढं खरं.

"आता करा," ते म्हणाले.

मी केलं. एकेक नाव बदलत गेले. शेवटचं बदलल्यावर त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. सॉफ्टवेअरनं मेसेज पाठवला होता, इंग्रजीतून. ॲप त्यांनी महिन्यात एकदाही उघडलं नसेल, पण मेसेज बरोबर पोचला. त्यांनी मोबाइल माझ्याकडं केला. "काय म्हनतंय बघा की, चष्मा न्हाई आनला."

मी वाचलं. खोटं सांगावं असं मनात येऊन गेलं, पण या माणसासमोर खोटं कुठल्या तोंडानं बोलणार होते? म्हणाले, "तुमच्या नावावर आता कुठलंच काम सुरू नाही, असं म्हणतंय."

त्यांनी मान डोलावली, मोबाइल परत घेतला, उभे राहून शर्ट खाली ओढला.

"सुरू करू की कायतरी," ते म्हणाले. "दसरा हाय फुडं."